सुट्टीचा भोंगा

आधीच सांगून ठेवतो, मला पाण्याची हौस नाही. सोलापूरच्या माणसाला ती कुठून असणार? आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं तर बायका एकमेकींना हाका मारून सांगायच्या. बहात्तरच्या दुष्काळात मी हिप्परग्याच्या तलावाच्या तळातून सायकल चालवत गेलोय. आणि तीनच वर्षांनी, पंच्याहत्तर साली, त्याच तलावावर मी आगबोटीचा कारकून झालो. नशीब म्हणायचं, दुसरं काय!

झालं असं, की साहेबाच्या राज्यात कुणा इंजिनियरानं बांध तपासायला एक लहानशी आगबोट आणवली होती. साहेब गेला, बोट राहिली. बांधाच्या कडेला बाभळीखाली गंजत पडली. दुष्काळानंतर तलाव भरला, तसा आमच्या आबासाहेब वकिलांना हुरूप आला. त्यांनी चार हौशी माणसं जमवून जलविहार मंडळ काढलं, बोटीची डागडुजी केली, तिला हिरवा रंग दिला आणि रविवारी लोकांना तलावात फिरवून आणायचं ठरवलं. तीस माणसं बसायची. लाकडी बाकं, मधोमध काळं धुराडं, पितळी कठडा. तिकिटं फाडायला, दोर सोडायला, पोरांना कठड्यावरून खाली ओढायला आणि आबासाहेबांची बोलणी खायला एक माणूस पाहिजे होता. तो मी, सिद्धनाथ.

पण ही गोष्ट माझी नाही. ही गुरप्पाण्णांची आणि त्यांच्या बायकोची गोष्ट आहे. मी मधे मधे कटकट करणार, तेवढं सांभाळून घ्या.

आगबोट चालवायची म्हणजे खरं तर भट्टी सांभाळायची. सुकाणू हिप्परग्याचा कोंडीबा कोळी धरायचा. त्याला ते जन्मतःच येत होतं. पण कोळसा टाकणं, वाफ धरणं, वाफेच्या काट्यावर नजर ठेवणं, हे येणारा माणूस गावात एकच, गुरप्पाण्णा. मिलच्या बॉयलरवर बत्तीस वर्षं काढलेला माणूस. साठी उलटलेली, अंगानं वाळकुडा, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. नऊची फेरी असली की पहाटे पाचला सायकलवरनं यायचे. आधी तलावात हातपाय धुऊन, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, कपाळाला विभूती, आणि मग भट्टीला काडी. लिंगाची चांदीची डबी भट्टीसमोर तापून छातीला चटका देते म्हणून ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. वाफ धरायला तीन तास लागत. तेवढ्या वेळात ते कोळशाच्या ढिगावर बसून गुडघे चोळत. कसं काय अण्णा, विचारलं की ठरलेलं उत्तर, "चालतंय की."

खरं तर काही चालत नव्हतं. माणूस पार थकला होता. बसल्या जागी मान कलायची, हातातलं फावडं निसटायचं. एकदा मी चिडून म्हणालो, "अण्णा, रात्री झोपत का नाही तुम्ही? भट्टीत पडाल एखाद्या दिवशी." तर ते कानडीत एकच शब्द म्हणाले, "साकातु." पुरे झालं आता, असा त्याचा अर्थ. सोलापुरात राहून एवढं कानडी मलाही कळतं. त्या दिवशी त्यांनी मला काशम्मामावशींचं सांगितलं.

ते समजायला आधी भोंगा समजला पाहिजे. हल्लीच्या लोकांना घड्याळं आहेत. तेव्हा आमचं सोलापूर भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की चूल पेटायची, भोंगा झाला की पोरं शाळेला निघायची. पाळी सुरू व्हायचे दोन आखूड भोंगे, आणि सुट्टीचा एकच लांबलचक. गुरप्पाण्णांच्या मिलचा भोंगा वाफेचा होता आणि त्याची दोरी ह्यांच्या हातात. दुसरा फायरमन ओढायचा तो खटकन तोडायचा. हे हात हळूहळू सैल सोडायचे, त्यामुळं आवाज शेवटी खाली खाली येत बसायचा. लोक म्हणायचे, ह्याला शेपूट आहे, आज गुरप्पाची पाळी दिसतेय. मी पोरगा होतो तेव्हा मलाही तो ओळखू यायचा.

काशम्मामावशी त्याच मिलमध्ये वाइंडिंग खात्यात. अठ्ठावीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या. उभं राहायचं, धागा तुटला की दोन बोटांत धरून गाठ मारायची, पुन्हा तुटला की पुन्हा गाठ. सुट्टीचा भोंगा झाला की डोक्यावरचा कापूस झटकायचा, डबा उचलायचा आणि घर. भोंगा वाजवणारा नवरा मात्र तिच्याबरोबर कधी घरी आला नाही. बॉयलरवाल्याची सुट्टी भोंग्यानं होत नसते. सगळी मिल सुटली तरी त्याला आग दाबून, राख ओढून, पुढच्या माणसाच्या हवाली करून मग निघायचं असतं. भेटले कधी फाटकात तरी म्हणायचे, "तू हो पुढं, मी आग दाबून येतो."

त्र्याहत्तर साली मिलनं वाफेचा भोंगा काढला आणि विजेचा बसवला. बटण दाबलं की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा केकाटतो. त्याच वर्षी गुरप्पाण्णा निवृत्त झाले, मावशीही सुटल्या. आणि पुढच्या वर्षभरात मावशींचं डोकं हळूहळू फिरलं.

फिरलं म्हणजे काय? आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. बाई बसेचना. दिवसभर उभी. पदराचे दोरे काढायचे आणि एकेकाला गाठ मारायची. सगळा पदर बारीक बारीक गाठींनी भरलेला. बस म्हटलं की म्हणायची, "अजून भोंगा न्हाय झाला." रात्री पडायची नाही, भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलकी. पाय सुजून खांब झालेले. आणि नजर चुकली की थेट मिलच्या फाटकाशी. विजेचा भोंगा झाला तरी हलायची नाही. गुरप्पाण्णा हात धरून सांगायचे, अगं झाला की भोंगा. तर म्हणायची, "ह्यो आपला न्हाय. आपला झाला की येते." ती झोपत नाही म्हणून हेही झोपत नव्हते. स्वतःच्या धोतराला तिच्या पदराची गाठ मारून बसायचे, म्हणजे ती निघाली की कळावं.

दिवाळीनंतर एकदा फाटकाकडं जाताना ती एस.टी.खाली येता येता वाचली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून, नाहीतर खेळ खलास. वैरागला किराणा दुकान चालवणारा मुलगा शिवशरण धावत आला. त्यानं येताना एक नवं कोरं कुलूप आणलं. आप्पा, तुम्ही कामावर गेलात की बाहेरून कडी घालून कुलूप लावायचं, दुसरा इलाज नाही, म्हणाला. पोरगं वाईट नव्हतं हो. त्यालाही ते म्हणताना रडू आलं. गुरप्पाण्णा म्हणाले, "रविवारपातुर थांब. रविवारी एक करून बघतो. न्हाय जमलं तर सोमवारपासनं लाव."

हे सगळं त्यांनी मला शुक्रवारी सांगितलं आणि सायकलच्या कॅरियरवरची गोणपाटाची गुंडाळी सोडली. आत पितळेचा भोंगा. मिलच्या भंगारात पडला होता, स्टोअरमधल्या ओळखीच्या माणसाकडून मागून आणलेला. मांडीवर घेऊन चिंचेनं घासून त्यांनी तो लखलखीत केला होता.

"बोटीवर बसवतो," म्हणाले. "आमच्या हिच्या खात्यातल्या बायका रविवारी संध्याकाळच्या फेरीला येणारेत. सारजाबाईशी बोललोय. हिलाबी आणतो. सुट्टीचा भोंगा एकदा नीट कानावर पडला की हिची पाळी सुटंल."

मी उडालोच. "अण्णा, डोकं ठिकाणावर आहे का? हा मिलचा भोंगा. आपला बॉयलर केवढा! हा वाजवला तर सगळी वाफ ह्यातच जाईल. बोट मधेच उभी राहील. आबासाहेब मला उलटा टांगतील."

"मधी न्हाय वाजवत की. फेरी संपवून धक्क्याला लागलो की वाजवतो. तवा उरलेली वाफ सोडायचीच असती." आणि मग खाली बघून म्हणाले, "सिद्धनाथ, तिला कोंडू कसं रे मी? अठ्ठावीस वर्सं माझ्या भोंग्यावर उठली-बसली ती."

मी म्हटलं, धक्क्याला लागल्यावर. त्याच्या आधी दोरीला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. ते म्हणाले, चालतंय की.

रविवारी चारच्या सुमाराला वाइंडिंग खात्याच्या पंचवीस एक बायका टेम्पोतून उतरल्या. बऱ्याचशा निवृत्त, काही अजून कामावर असलेल्या, सगळ्यांच्या हातात डबे. पुढं त्यांची जुनी नायकीण, म्हणजे खात्यातल्या बायकांची मुकादम, सारजाबाई, उंचनिंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्या हाताला धरून काशम्मामावशी. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. लहानखुरी बाई, केस पांढरे, डोळे जागून लाल झालेले. मी हात दिला, "या मावशी, बसा." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नवीन जॉबर का?" मला मिलचा मुकादम समजून म्हणाल्या, आणि बाकाशेजारी उभ्याच राहिल्या.

मी दोर सोडला. कोंडीबानं सुकाणू वळवलं, धुराड्यातून धूर निघाला आणि बोट ठकठक करत निघाली. तुम्हाला म्हणून सांगतो, त्या दिवशी तलाव बरा दिसत होता. थंडीचे दिवस, ऊन पिवळं, वारा नाही. बांध मागं पडला, पलीकडच्या काठावरची ज्वारी दिसायला लागली. मधल्या उथळात परदेशी बदकं उतरली होती, ती बोट जवळ आली की थोडी सरकून पुन्हा बसायची. बायका आधी घाबरून एकमेकींना धरून होत्या, मग सुटल्या. डबे उघडले, शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा वास आला. गोजरबाई नावाची एक ठुसकी म्हातारी मला म्हणाली, "जॉबर, उभा काय राहतोस, खा की बे." त्या एकमेकींत हसल्या. जन्मभर मशीनच्या आवाजात ओरडून बोललेल्या बायका त्या. त्यांचं कुजबुजणंसुद्धा काठावर ऐकू गेलं असेल.

काशम्मामावशी मात्र बसल्या नाहीत. कुणी घास पुढं केला तर मान हलवायच्या, "सुट्टी व्हायचीय." बोटं पदरावर चाललेलीच. गुरप्पाण्णा खालून भट्टीच्या खणाच्या तोंडातून मधे मधे मान वर काढून बघायचे. घामानं विभूती केव्हाच पुसली होती. मी खूण करायचो, ठीक आहे, ठीक आहे. ते पुन्हा खाली. वर यायला त्यांना सवड नव्हती. एवढी माणसं, ओझं जास्त, कोळसा मंडळानं दिलेला हलका. त्यात धक्क्यावर भोंग्याला पुरावी म्हणून ते वाफ चढवत होते.

तलावाच्या मधोमध कोंडीबानं बोट वळवली. तिथंच सगळं बिनसलं.

बोट चालली की मागं पाण्यावर फेसाची पांढरी रेघ उमटते. लांबच लांब, सरळ. बोट वळली तशी ती रेघ एका जागी तुटली. आम्हाला कुणाला त्याचं काय? पण काशम्मामावशी तिकडंच बघत होत्या. त्या एकदम "तुटला, तुटला!" म्हणाल्या आणि चार पावलांत बोटीच्या मागच्या टोकाला. मला वाटलं बदक बघताहेत. तोवर त्यांचा एक पाय कठड्यावरून पलीकडं गेलेला.

"अगं बया! धरा, धरा तिला!" सारजाबाई ओरडली आणि तिनं पदर धरला. मी कंबरेला मिठी मारली. पण काय ताकद होती हो त्या वाळक्या बाईत! अठ्ठावीस वर्षं उभी राहिलेली बाई, ती काय अशी मागं येणार? एका हातानं कठडा धरलेला, दुसरा हात पाण्याकडं, बोटांची चिमूट करून. "सोडा, धागा तुटलाय, गाठ मारू दे. कांडी वाया जाईल." सारजाबाईच्या मुठीत गाठींचा पदर टर्रकन फाटायला लागला.

गुरप्पाण्णा वर आले होते. खणाच्या तोंडाशी उभे, तोंड काळं, आणि हात वर भोंग्याच्या दोरीशी. पण ओढेनात. माझ्याकडं बघत राहिले. वेडा माणूस! परवाच मी दम दिला होता ना, धक्क्याला लागल्याशिवाय नाही म्हणून. बायको पाण्यात चाललीय आणि हा कारकुनाची परवानगी बघतोय. मला रडू आलं की राग आला, आजही सांगता येत नाही. मी बोंबललो, "अण्णा, ओढा की! ओढा!"

त्यांनी ओढला.

आई शप्पथ, माझ्या पायाखालचं लाकूड थरथरलं. शुभ्र वाफ वर उसळली आणि तो आवाज निघाला. तोच, दोन वर्षांत ऐकला नव्हता तो. सगळ्या तलावावरून गेला आणि बांधावर आपटून परत आला. बदकं एकदम उठली. लांब, लांब, आणि मग हात सैल होत गेला, आवाज खाली खाली आला आणि बसला. शेपटासकट.

आणि पुढं काय व्हावं? पंचवीसच्या पंचवीस बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नाही. डोक्यावरचा नसलेला कापूस झटकला, डब्यांची झाकणं लावली, आणि सगळ्या ओळीनं निघाल्या डाव्या अंगाला, जिथनं बोटीत चढल्या होत्या तिकडं! बोट कलली. कोंडीबा सुकाणूला लोंबकळून ओरडतोय, "मेलो, मेलो!" मी एका हातानं मावशींना धरून गळा काढला, "अगं बसा ग बायांनो! खाली पाणी आहे, रस्ता नाही! बसा!" तेव्हा गोजरबाई भानावर आली. "अगं बाई, आपण बोटीत हाय न्हवं?" म्हणाली आणि मटकन बसली. मग एकेक करून साऱ्या बसल्या, काही हसत, काही डोळे पुसत. बोट सरळ झाली.

माझ्या मिठीत काशम्मामावशी सैल पडल्या होत्या. कठड्यावरचा पाय त्यांनी आपण होऊन अलीकडं घेतला. दोन्ही हातांनी केस झटकले, दंड झटकले, फाटका पदर नीट खांद्यावर घेतला. "सुटली बाई एकदाची," म्हणाल्या. बाकावर बसल्या. बसल्या! सारजाबाईनं तोंडावर हात ठेवला. मावशींनी सुजलेले पाय हातानं उचलून वर घेतले आणि नवऱ्याकडं बघितलं.

"तुमची सुटली न्हाय?"

गुरप्पाण्णांच्या हातात दोरी तशीच. ती कठड्याला अडकवून ते म्हणाले, "तू हो पुढं. मी आग दाबून येतो."

"लौकर या," म्हणाल्या, आणि सारजाबाईचा डबा उशाला घेऊन आडव्या झाल्या. दोन श्वास झाले नसतील, घोरायला लागल्या.

आता बोटीची अवस्था ऐका. काटा तळाला. मशीन थांबलेलं. तलावाच्या मधोमध आम्ही तीस जण एका हिरव्या डब्यात अडकलेले, वारा नाही, हालचाल नाही. पुन्हा वाफ धरायला निदान तासभर. सूर्य कलायला लागलेला. गुरप्पाण्णा खाली उतरले. फावड्याचा आवाज येईना म्हणून मी वाकून बघितलं. ते कोळशावर बसले होते, फावडं हातात, आणि ते उचलत नव्हतं त्यांच्यानं. दोन-तीनदा जोर केला, फावडं परत कोळशात.

मी तोंडातल्या तोंडात एक कचकचीत शिवी हासडली. कुणाला ते माहीत नाही. अंगावर परीटघडीचा पांढरा शर्ट होता, बायकोनं सकाळीच ताकीद दिलेली. खाली उतरलो आणि म्हणालो, "उठा. द्या इकडं ते फावडं."

"तुला न्हाय जमायचं."

"जमेल. वर जाऊन बसा मावशींजवळ. तुमची सुटली."

ते माझ्याकडं असे बघायला लागले, जसं मी काही परक्या भाषेत बोललोय. मग उठले. शिडीवरून अर्ध्यात थांबून म्हणाले, "ढीग करू नगंस. पसरून टाक. दार लई येळ उघडं ठेवू नगंस." मी म्हटलं, जा हो. थोड्या वेळानं वरून आणखी सूचना येतील म्हणून वाट बघत होतो, पण आल्या नाहीत. डोकं वर काढून पाहिलं तर ते मावशींच्या पायाशी खाली बसलेले, बाकाला डोकं टेकलेलं, तोंड उघडं, गाढ झोपलेले. धोतराच्या सोग्याला मावशींच्या पदराची गाठ मारायची सवय, ती मात्र झोपण्याआधी पाळली होती.

मग त्या आगबोटीवर एकही बाई बोलली नाही. पंचवीस बायका, आणि चिडीचूप! एकीला खोकला आला तर तिनं पदराचा बोळा तोंडात घातला. बदकं परत येऊन बसली. पाणी आधी पिवळं, मग तांबूस, मग राखी झालं. मी खाली कोळसा टाकत होतो, डोळ्यांत धूर, हाताला फोड, आणि खरं सांगतो, वाफ लवकर धरावी असं मलाही फारसं वाटत नव्हतं.

अंधारता अंधारता धक्क्याला लागलो. आबासाहेब कंदील घेऊन उभे. "कुठं मेला होतात रे? आणि तो भोंगा कुणी..." सारजाबाईनं नायकिणीच्या तोऱ्यात ओठांवर बोट ठेवलं, "हळू की साहेब, माणसं झोपल्यात." वकिलांना जन्मात कुणी गप्प केलं नसेल. तेही गप्प झाले.

दोघांना हलवून उठवलं, अर्ध्या झोपेतच टेम्पोत बसवलं. गुरप्पाण्णा पायरीवरून मागं वळायला लागले, "आग..." मी म्हटलं, आग मी दाबतो. तुम्ही व्हा पुढं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तो माणूस जळती भट्टी मागं ठेवून बायकोबरोबर घरी गेला.

सोमवारी सकाळी आबासाहेबांनी मला बोलावून गुरप्पाण्णांच्या नावानं मेमो लिहून घेतला. विनापरवाना भोंगा बसवला, प्रवाशांचा जीव धोक्यात घातला, खुलासा करावा, आणि भोंगा ताबडतोब उतरवावा. खाली त्यांची लफ्फेदार सही. तो घेऊन दुपारी मी गुरप्पाण्णांच्या चाळीत गेलो. शिवशरणनं कुलूप लावलं असेल, तर त्या कुलपासमोर उभं राहून मी मेमो कुणाला देऊ, हाच विचार डोक्यात.

दार सताड उघडं होतं. बाहेर गॅलरीत ऊन पडलं होतं, तिथं फडक्यावर सांडगे वाळत घातलेले. फडकं वाऱ्यानं उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर खलबत्त्याचा दगड आणि दुसऱ्या कोपऱ्यावर ते नवं कोरं कुलूप.

उंबऱ्याशी काशम्मामावशी पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर सूप, त्यात ज्वारी. खडे वेचत होत्या. पदर बदललेला, साधा, एकही गाठ नसलेला. मी खाकरलो, "मावशी, अण्णा..."

त्यांनी मला हातानंच थांबवलं. "हळू. रातपाळी करून आल्यात. आत्ता डोळा लागलाय." मी आत डोकावलो. खोलीत अंधार करण्यासाठी खिडकीला गोणपाट लावलेलं, आणि जमिनीवर गुरप्पाण्णा आडवे, गुडघे पोटाशी, एक हात कानावर. मावशी ज्वारीचा खडासुद्धा आवाज न करता बाजूला ठेवत होत्या.

"काय काम हुतं?" त्यांनी कुजबुजून विचारलं.

मेमो मी खिशातल्या खिशात चुरगाळला. "काही नाही. सुट्टीचा भोंगा झाला का, तेवढं विचारायला आलो होतो."

"झाला की काल," म्हणाल्या. "तुमी न्हाय ऐकला?"

"ऐकला," मी म्हणालो, आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो.